नवी तीन सिलिंडरची स्विफ्ट खानदेशात खरंच 25 चं ॲव्हरेज देईल का?

प्रश्न थोडक्यात असा: पाचोरा ते जळगाव रोज जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर. हाताशी 2015 ची डिझेल स्विफ्ट आहे, ती देऊन नवी पेट्रोल घ्यायची. कंपनी 24.80 सांगते. तेवढं पडेल का? आणि तीन सिलिंडरचं इंजिन पाच माणसं घेऊन कन्नडचा घाट चढेल का?

भाऊ, घाट चढेल. 24.80 मात्र धरून चालू नका. एसी लावून 80-85 च्या वेगाने पाचोरा-जळगाव केलंत तर 20 ते 22 पडावं, निव्वळ जळगाव शहरात 14-15, असा माझा अंदाज. मे महिन्यात त्यातून आणखी एक-दीड वजा करा.

24.80 हा आकडा खोटा नाही, पण तो रस्त्यावरचा नाही. गाडी रोलरवर चढवतात, 1180 सेकंदांचा ठरलेला वेग-थांब-वेग असा क्रम चालवतात. कमाल वेग 90, तोही थोडाच वेळ. खोलीचं तापमान 20 ते 30 अंशांच्या मध्ये, एसी बंद. पेट्रोल मोजतात तेही सायलेन्सरमधून निघालेल्या धुरातला कार्बन मोजून. त्यात शिरसोलीकडून जळगावात शिरतानाची गर्दी नाही, कपाशी भरलेला ट्रॅक्टर नाही आणि 44 अंशांचं ऊनही नाही. म्हणून हा आकडा एका गाडीची दुसरीशी तुलना करण्यापुरताच वापरावा. तशी तुलना केली तर सुधारणा खरी आहे. आधीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल स्विफ्टचा त्याच चाचणीतला आकडा 22.38 होता, मे 2024 मध्ये आलेल्या नव्या गाडीचा 24.80. म्हणजे दहा-अकरा टक्के वाढ, आणि तीही हायब्रिडशिवाय. जपानमध्ये या गाडीला माइल्ड हायब्रिड (इंजिनाला थोडा हातभार लावणारी छोटी विजेची मोटर) मिळतं, आपल्याकडे नाही.

ही वाढ आली कुठून? दोन्ही इंजिनं 1197 सीसीचीच. जुन्यात ते चार सिलिंडरमध्ये वाटलेलं होतं, प्रत्येकी सुमारे 299 सीसी, बोअर (सिलिंडरची रुंदी) 73 आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 71.5 मिलिमीटर. नव्यात तीनच सिलिंडर, प्रत्येकी 399 सीसी, बोअर 74 आणि स्ट्रोक 92.8. एक पिस्टन, त्याच्या रिंगा, एक कनेक्टिंग रॉड, चार व्हॉल्व्ह आणि त्यांचं घर्षण कमी झालं. सिलिंडर मोठा आणि उंच झाल्याने जळणाऱ्या मिश्रणाच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ घटलं, त्यामुळे उष्णता इंजिन थंड करणाऱ्या पाण्यात कमी जाते. बदल्यात दोन गोष्टी सोडाव्या लागल्या. ताकद 90 पीएसवरून (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच) 82 वर आली. आणि थोडी थरथर आली, कारण चार सिलिंडरमध्ये क्रँक दर 180 अंश फिरला की एक स्फोट होतो, तीनमध्ये 240 अंशांनी. सिग्नलला उभी असताना ती स्टिअरिंगवर आणि सीटखाली जाणवते. इंजिनात दोष आहे असं समजून गॅरेजच्या चकरा मारू नका.

तुमचा खरा प्रश्न मात्र डिझेलवरून पेट्रोलवर येण्याचा आहे. तुमच्या 2015 च्या डिझेलचा कागदावरचा आकडा 25.2, नव्या पेट्रोलचा 24.80. वाचायला जवळजवळ सारखे. पण एका लिटर डिझेलमध्ये आजच्या ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने ऊर्जा जास्त असते, आणि माणसं, सामान, एसी वाढला की पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज लवकर खाली येतं. त्याहून मोठा फरक ओढीचा आहे. डिझेलला टर्बो होता, इंजिनाच्या मिनिटाला 2000 फेऱ्यांवर 190 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. नव्या पेट्रोलला 111.7, तोही 4300 फेऱ्यांवर. डिझेलवाल्याचा पाय चौथा-पाचवा टाकून 1500 फेऱ्यांवर गाडी ढकलायला सरावलेला असतो. तीच सवय या गाडीत नेली तर ओढही मिळणार नाही आणि ॲव्हरेजही. पुष्कळ जण "नवीन गाडीत दम नाही" म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा हीच सवय असते.

कन्नड घाटाचं गणित मांडून बघा. पाच माणसं आणि बॅगा धरून गाडी साडेबाराशे किलोची. साधारण सहा टक्के चढावर ताशी 40 ने जायला चाकांवर सुमारे 10 किलोवॉट लागतात. एसी आणि गिअरबॉक्समधली गळती धरा, 12-13 किलोवॉट, म्हणजे 17 पीएसच्या आसपास. 1500 फेऱ्यांवर इंजिनाकडे जेमतेम तेवढीच ताकद असते. पाय पूर्ण दाबला तरी वेग वाढत नाही, पुढचा ट्रक ओलांडायला काही उरत नाही. दुसरा गिअर टाकून 3500 वर आणलं की त्याच इंजिनाकडे त्याच्या अडीच-तीन पट ताकद असते. आवाज वाढेल, घाबरू नका. गिअर न उतरवता रेटत राहिलात तर उन्हात इंजिन नॉक करू लागतं (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटून ठकठक होते), सेन्सर ठिणगी उशिरा द्यायला लावतो आणि तेच पेट्रोल कमी काम करतं.

घाटाचा पेट्रोलला बसणारा फटका मात्र लोकांना वाटतो तेवढा नसतो. 300 मीटर उंची चढायला या वजनाला निव्वळ चढाचं पेट्रोल साधारण 400 मिलिलिटर जातं. उतरताना त्यातलं काही परत मिळतं, पण गाडी गिअरमध्ये ठेवून पाय एक्सलेटरवरून पूर्ण काढला तरच. तेव्हा इंजेक्टर बंद होतात आणि पेट्रोल शून्य जातं. न्यूट्रल केलीत तर इंजिन आयडलिंगवर पेट्रोल पीत राहतं, शिवाय ब्रेक तापतात. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणं म्हणजे घाट्याचा सौदा, आणि जिवाशी खेळ.

आता ई-20. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून 20 टक्के मिश्रणात लिटरमागे सुमारे 6-7 टक्के ऊर्जा कमी. इथेनॉलचा ऑक्टेन (नॉक न होऊ देण्याचा गुण) जास्त असल्याने ई-20 साठी जुळवलेलं इंजिन त्यातला काही भाग भरून काढतं, सगळा नाही. तुमचा शेजारी 2017 च्या पेट्रोल गाडीचे जुने आकडे सांगत असेल तर ते वेगळ्या पेट्रोलवरचे आहेत.

तुमच्या रस्त्यावर ॲव्हरेज खाणाऱ्या गोष्टींत वेग पहिला. 80 वरून 100 वर गेलात की हवेचा विरोध 56 टक्क्यांनी वाढतो. पाचोऱ्याच्या रस्त्यावर त्यातून वाचणारी मिनिटं तसंही पुढच्या गर्दीत जातात. दुसरा एसी. 80 च्या एकसारख्या वेगाला गाडीला चाकांवर जेमतेम सात-आठ किलोवॉट लागतात, त्यात कॉम्प्रेसरने दीड-दोन मागितले तर फरक दिसणारच. एसी बंद ठेवा असं मी मे महिन्यात कुणालाच सांगणार नाही. उन्हात उभी असलेली गाडी सुरू केल्यावर आधी सगळ्या काचा उघडून अर्धा-एक किलोमीटर चालवा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा लावून एसी आणि आतली हवा फिरवणारं बटण दाबा. कॉम्प्रेसरचं काम बरंच हलकं होतं.

हवा सकाळी, गाडी थंड असताना भरा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलीय तेवढीच. जळगावला पोचून तापलेल्या टायरची हवा तपासली तर तीन-चार पीएसआय जास्तच दिसेल. ती सोडायची नाही. सोडलीत तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर असतो, आणि महिनाभर ॲव्हरेज का पडलं याचा शोध चालतो.

एअर फिल्टरबद्दल एक गैरसमज. काळ्या मातीची धूळ फिल्टर लवकर भरते हे खरं, पण आताच्या इंजेक्शन गाडीत फिल्टर भरला की आधी पिकअप जातं, ॲव्हरेज फारसं नाही. कारण हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो. तरी कच्च्या रस्त्याने शेतात जाणं असेल तर सर्व्हिसची वाट न पाहता उघडून बघा. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नका, कागद फाटला की धूळ थेट सिलिंडरमध्ये. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच टाका. "आपल्याकडे गर्मी आहे, जाड टाका" म्हणणारे मेकॅनिक भेटतील. या इंजिनाच्या फटी पातळ ऑइलसाठीच ठेवलेल्या आहेत. पावसाळ्यात चार दिवस हँडब्रेक ओढून उभी राहिलेली गाडी काढलीत की दहा किलोमीटरवर थांबून चारी चाकांजवळ हात न्या. एखादं बाकीच्यांपेक्षा तापलेलं लागलं तर ब्रेक चिकटतोय.

रोज 100 किलोमीटर, म्हणजे महिन्याला 2500, असेल तर सीएनजीचा विचार सोडू नका, फक्त तुमच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर पंप असला पाहिजे. कंपनीचा आकडा किलोला 32.85, प्रत्यक्षात 26-27 धरा. समजा पेट्रोल 105 आणि सीएनजी 90 रुपये. पेट्रोलवर किलोमीटरला सव्वापाच रुपये, सीएनजीवर तीन रुपये तेहतीस पैसे. महिन्याला पावणेपाच हजारांच्या आसपास फरक. सीएनजी स्विफ्ट आली तेव्हा पेट्रोलपेक्षा 90 हजारांनी महाग होती, त्या हिशेबाने दीड-पावणेदोन वर्षांत वसूल. आजचे भाव टाकून स्वतः करा. डिकी जाते आणि सीएनजीवर ताकद 70 पीएसच उरते. म्हणून घाटाच्या पायथ्याशीच पेट्रोलचं बटण दाबायचं. उन्हाळ्यात टाकीत गॅस वजनाने कमी बसतो, तेव्हा एका भरण्यात कमी अंतर गेलं तर पंपवाल्याशी भांडू नका.

गाडी घेतल्यावर पहिले चार-पाच हजार किलोमीटर ॲव्हरेजचा निकाल लावू नका, आणि स्क्रीनवरच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप कट होईल तिथे थांबवा. "राऊंड फिगर कर" म्हटलंत की हिशेब बिघडला. 22 लिटरच्या भरण्यात एका लिटरची चूक म्हणजे साडेचार टक्के. म्हणून तीन भरण्यांची बेरीज घ्या. समजा 24.1, 26.3 आणि 22.8 असे 73.2 लिटर गेले आणि ट्रिप मीटर 1530 सांगतो, तर ॲव्हरेज 20.9.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरची चार माणसं बसवा, दुपारी एकला जा, एसी पूर्ण लावा आणि एखादा उड्डाणपूल तिसऱ्या गिअरमध्ये ताशी 30 वरून चढवून बघा. मग तोच पूल दुसऱ्यात. शोरूमचा पोरगा शेजारी बसून "सर, गिअर वाढवा" म्हणेल, तेवढं ऐकू नका.