उंबरठ्यावरचा व्हॅम्पायर आणि बारावीचे वर्ष

आदरणीय ताईंना सप्रेम नमस्कार.

बारावी विज्ञान शाखेतला आपला मुलगा अभ्यास सोडून व्हॅम्पायरची चित्रे काढत बसतो आणि अ‍ॅनिमेशनच करायचे म्हणतो, तर या खुळाला खतपाणी घालावे की आवर घालावा, असे आपण कोथरूडहून विचारले आहे. सोबत पाठवलेली स्टोरीबोर्डची, म्हणजे फिल्मची कथा चौकटीचौकटीने मांडणाऱ्या चित्रांची पाने मी दोनदा पाहिली. मला हे खूळ वाटत नाही.

ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत घरातल्या कोणी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला आत येता येत नाही. आपल्या मुलाने हा नियम सदाशिव पेठेतल्या एका आजींच्या दारात आणला आहे. आपण निरोप देतानाही ‘जा’ न म्हणता ‘या’ म्हणतो. त्यामुळे आजी त्याला वाटेला लावण्यासाठी जितक्या वेळा ‘बरं, या आता’ म्हणतात, तितक्या वेळा त्याला नवे आमंत्रण मिळते आणि तो जिन्यावरून परत फिरतो. एका चौकटीत उंबरठ्यावर अधांतरी उचललेला फक्त टोकदार बूट आहे, आणि पुढच्या दोन चौकटींतही तो तसाच आहे. भीती आणि हसू या दोन्ही गोष्टी अशा थांबण्यावर उभ्या असतात, आणि ती जाण त्याच्याकडे आहे.

मात्र परीक्षेपूर्वी चार मिनिटांची पूर्ण फिल्म करण्याचा त्याचा हट्ट मला मान्य नाही. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावरच्या स्थिर चौकटी, धरल्या, तर ५,७६० फ्रेम होतात, आणि एक चित्र दोन फ्रेम ठेवले तरी २,८८० चित्रे काढावी लागतात. त्याने पूर्ण कथेचे आवाजासह अ‍ॅनिमॅटिक, म्हणजे स्थिर चित्रे ओळीने दाखवणारा कच्चा आराखडा, करावे आणि उंबरठ्यावरचे २० सेकंद, म्हणजे २४० चित्रे, तेवढीच नीट हलती करावीत. ब्लेंडर हे अ‍ॅनिमेशनचे सॉफ्टवेअर मोफत असल्याने खर्चाची चिंता नाही.

बारावी मुळीच सोडू नये. अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) डॅट आणि आयआयटीतील डिझाइनसाठीची यूसीड या दोन्ही प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला देता येतात. त्यामुळे विज्ञान शाखा आड येत नाही. चित्रकलेची परीक्षा तिथे असतेच, तेव्हा त्याने रोज अर्धा तास मंडईत किंवा बसथांब्यावर बसून खरी माणसे रेखाटावीत, कारण पाठवलेल्या पानांत आजींचे हात अजून कच्चे आहेत.

आपल्या सासूबाई घरीच असतात, असे आपण लिहिले आहे. आजींचा ‘या’ त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून घ्यावा.