छोट्या गावातली विनोदी प्रेमकादंबरी वाचायला घेताना

पहिल्या पन्नास पानांत काही घडत नाही म्हणून अशी कादंबरी बाजूला ठेवू नका, एवढे मी आग्रहाने सांगेन. त्या पानांत लेखक गाव उभे करत असतो: वाणी, पोस्टमन, कोणाकडे कोण आले याची खबर ठेवणारी शेजारीण, आणि पुढचे सगळे गैरसमज याच माणसांच्या तोंडून गावभर फिरून नायिकेपर्यंत पोहोचतात. इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिनने १८१४ साली कादंबरी लिहू पाहणाऱ्या आपल्या भाचीला पत्रातून कळवले होते, की खेडेगावातली तीन-चार कुटुंबे हाच कामाचा ऐवज आहे. वाचकानेही ही कुटुंबे आधी ओळखून घ्यावीत.

शेवट गोड होणार हे ठाऊकच असते, त्यामुळे घाई करू नका. नायिका शेजाऱ्याचा डबा परत करताना, रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात चिमूटभर साखर घालते आणि तिसऱ्यांदा तसा डबा आला की त्याची आई मुलाकडे निरखून पाहते, अशा दोन ओळींत प्रेमही असते आणि हसूही. भरभर वाचणाऱ्याच्या हातून नेमके तेच निसटते. संवाद तर मोठ्याने वाचून पाहावेत. मला स्वतःला विनोदाची लय तशीच सापडली.

पुण्यात असाल तर आधी १८४८ पासून चालत आलेल्या पुणे नगर वाचन मंदिरात शोधा आणि आवडलेली कादंबरी मग अप्पा बळवंत चौकातून विकत घ्या, कारण ती दुसऱ्यांदा वाचताना अधिक खुलते.