हौदातल्या डासांच्या अळ्या मारायला परजीवी सूत्रकृमी वापरता येतात का? कुठे मिळतील?

येतात. दुकानात मात्र मिळणार नाहीत, तेव्हा शोधत बसू नका. मी हे घरी करून पाहिलंय आणि त्यावरून पेटलेलं भांडण अजून विझलेलं नाही, म्हणून लिहितोय.

१९८४. इंदूरला रामबागेत आमचा वाडा, मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. नळाला पाणी येईल तेव्हा भरून ठेवायचं, म्हणून अंगणात मोठा हौद, आणि हौदात अळ्याच अळ्या. आमच्या सरांकडे रोमॅनोमर्मिस या दोऱ्यासारख्या सूत्रकृमीची अंडी ओल्या वाळूत जपून ठेवलेली असत. त्यातली मूठभर वाळू डब्यातून आणली आणि हौदात सोडली. पाणी लागलं की अंड्यांतून पिल्लं निघतात. दिवस-दोन दिवसांत डासाची अळी गाठली नाही तर ही पिल्लं संपली. गाठली तर कातडी भेदून आत शिरतात आणि आठवडाभर तिच्याच जिवावर वाढतात. पाचव्या दिवशी वाटीत अळ्या घेऊन उन्हात धरल्या, तर छातीत पांढऱ्या दोऱ्याचं वेटोळं! पेढे वाटायचे तेवढे बाकी राहिले. आठव्या दिवशी कृमी अळ्या फाडून बाहेर पडले, अळ्या मेल्या.

नवव्या दिवशी वहिनीच्या तांब्यात एक आला. दीडेक सेंटिमीटरचा, पांढरा, वळवळणारा. ती ओरडली, "अगं बाई, नारू!"

तेव्हा झाबुआ-धारकडे नारू, म्हणजे माणसाच्या अंगात वाढणारा कृमी, होता, त्यामुळे तिचं घाबरणं समजू शकतो. पण दादानं मला एका शब्दानं विचारावं? हौद उपसला, तळाचा गाळ मोरीत ओतला, ब्लीचिंग पावडरनं घासून काढला. हे कृमी त्या गाळातच प्रौढ होतात, अंडीही तिथेच घालतात. सगळी पुढची पिढी मोरीत. वर शेजारचे भिंतीवरून, "क्यों भिया, पानी में कीड़े पाल रिये हो?"

पंधरा दिवसांत पुन्हा अळ्या. दादा म्हणे, तुझ्या किड्यांनीच आणल्या!

नारू पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक जीवांमधून पोटात जातो, माणसात वाढतो आणि बहुधा पायातून बाहेर पडतो. माझे बिचारे डासांच्या अळीबाहेर वाढूच शकत नाहीत. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, तरी प्रत्येक लग्नकार्यात दादाचं चालूच: "यानं हौदात नारू सोडला होता."

तुमच्याबद्दल: कोषात गेलेल्या डासांवर यांचा उपयोग नाही. गटाराच्या घाण पाण्यात किंवा खारट पाण्यात टिकत नाहीत. पुदुच्चेरीच्या वेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरमध्ये यावर बरंच काम झालंय. अमेरिकेत १९७० च्या दशकात अंडी विकायलाही काढली होती, पण पोचेपर्यंत निकामी होत, धंदा बसला. घरी कूलर असेल तर त्यासाठी असले उद्योग नकोतच, आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा आणि कोरडी होऊ द्या. हौदात गप्पी मासे सोडा, मलेरियावाल्यांकडे विचारून पाहा.

तरीही कुठल्या प्रयोगशाळेतून कृमी मिळालेच, तर पिण्याच्या पाण्यात नका घालू, आणि घरात आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं. दादाचा तेवढा मुद्दा मान्य. पण गाळ तरी ठेवायचा!