बेस गिटार आणि ट्यूब प्रीअ‍ॅम्प : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये बेसवाल्यांची पत्रं जास्त आहेत, आणि त्यांतली बहुतेक ट्यूब प्रीअ‍ॅम्पबद्दलची, म्हणजे पिकअपचा बारीक सिग्नल काचेच्या ट्यूबने (व्हॉल्व्हने) मोठा करून त्याला टोन देणाऱ्या उपकरणाबद्दलची. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (पुणे) : १२ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर चालणारं, आत एक १२एएक्स७ ट्यूब असलेलं पेडल घेतलं. मित्र म्हणतात, ट्यूब नुसती शोभेची आहे. खरं काय?

उत्तर : मित्र अर्धे बरोबर आहेत. १२एएक्स७, म्हणजे युरोपातली ईसीसी८३, नेहमीच्या अ‍ॅम्पमध्ये २५० ते ३०० व्होल्टच्या पुरवठ्यावर चालते. प्लेटला (ट्यूबच्या आउटपुटच्या टोकाला) १०० किलोओहम, कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) दीड किलोओहम असे रेझिस्टर असले, की एका स्टेजमधून सिग्नल पन्नास-साठ पट वाढतो. हीच ट्यूब १२ व्होल्टवर चालवली तर चालते, पण वाढ फारच कमी मिळते आणि सिग्नल जरा मोठा झाला की लगेच चेपला जातो. अशा पेडलमध्ये खरी वाढ शेजारच्या ऑप-अ‍ॅम्पकडून (सिग्नल वाढवणाऱ्या चिपकडून) येते, ट्यूब थोडा रंग चढवते. तो रंग तुम्हाला आवडला तर पेडल वाईट नाही. फक्त अ‍ॅम्पेगच्या जुन्या ट्यूब बेस अ‍ॅम्पसारखा आवाज त्यातून निघेल अशी आशा धरू नका.

काही पेडलांच्या आत मात्र स्विचिंग सर्किट असतं आणि ते १२ व्होल्टचे दोनशेच्या पुढे नेतं. ओळखायचं असेल तर माहितीपत्रकात प्लेट व्होल्टेज दिलंय का पाहा. चांगल्या पेडलचे उत्पादक ते अभिमानाने लिहितात. ट्यूबखालच्या केशरी उजेडावर जाऊ नका, काही ठिकाणी तो चक्क एलईडीचा असतो.

अ‍ॅडॅप्टर बदलताना एक लक्षात ठेवा. या ट्यूबचा फिलामेंटच (तिला तापवणारी तार) १२.६ व्होल्टला १५० मिलिअ‍ॅम्पिअर खातो, त्यामुळे साध्या पेडलांचा १०० मिलिअ‍ॅम्पिअरचा अ‍ॅडॅप्टर पुरत नाही. शिवाय यांतली बरीच पेडलं एसी अ‍ॅडॅप्टर मागतात. पिन बसली म्हणजे अ‍ॅडॅप्टर चालेलच असं नाही.

प्रश्न (नाशिक) : गणेशोत्सवाचे कार्यक्रम आणि ऑर्केस्ट्रा करतो. कधी स्टेजवर बेस अ‍ॅम्प मिळतो, कधी साउंडवाले सांगतात, ‘डायरेक्ट द्या’. मेनवर चालणारा ट्यूब प्रीअ‍ॅम्प घेतला आहे. तो नेमका कुठे आणि कसा जोडायचा?

उत्तर : क्रम असा : बेस, ट्यूनर, प्रीअ‍ॅम्प. प्रीअ‍ॅम्पच्या एक्सएलआर (तीन पिनांच्या) डीआय आउटमधून, म्हणजे थेट मिक्सरला द्यायच्या आउटपुटमधून, साउंडवाल्याच्या स्टेज बॉक्समध्ये. दुसऱ्या, जॅकच्या लाइन आउटमधून स्टेजवरच्या अ‍ॅम्पच्या मागच्या ‘इफेक्ट्स रिटर्न’ किंवा ‘पॉवर अ‍ॅम्प इन’मध्ये. पुढच्या इनपुटमध्ये नको. तिथे जोडलं की तुमच्या प्रीअ‍ॅम्पवर त्या अ‍ॅम्पचा प्रीअ‍ॅम्प चढतो, दोघांचे टोन कंट्रोल एकमेकांवर बसतात आणि खालचा भाग गढूळ होतो. रिटर्न नसेल तर पुढेच जोडा, पण अ‍ॅम्पचा गेन (सुरुवातीची वाढ) कमी आणि इक्यू (टोनचे कंट्रोल) सपाट ठेवा.

लेव्हल लावताना मास्टर (शेवटचा व्हॉल्यूम) अगदी खाली, नुसतं ऐकू येईल इतकाच ठेवा. आज रात्री वाजवाल तितक्या जोरात, स्लॅप (अंगठ्याने तारेवर आपटून वाजवणं) करत असाल तर स्लॅप करून, गेन वाढवत जा. आवाज किंचित खरखरायला लागला की तिथून थोडा मागे या. मगच मास्टर वर घ्या. लोक नेमकं उलट करतात : गेन कमी, मास्टर पूर्ण. त्यात ट्यूबला काहीच काम उरत नाही आणि आवाजाबरोबर हिस (फुसफुस) वाढतो. अ‍ॅक्टिव्ह बेस (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) असेल तर त्याचं आउटपुट पॅसिव्हपेक्षा बरंच मोठं असतं. पॅड (सिग्नल कमी करणारा स्विच) किंवा वेगळं अ‍ॅक्टिव्ह इनपुट असेल तर तिथे जोडा. पॅसिव्ह बेसला मात्र १ मेगाओहमचं इनपुट हवं, नाहीतर पिकअपचा वरचा उठाव जातो.

डीआयवर प्री (टोन कंट्रोलच्या आधीचा सिग्नल) आणि पोस्ट (नंतरचा) असा स्विच असेल तर कार्यक्रमात पोस्ट द्या. साउंडवाल्याला तुमचा आवाज घडवायला वेळ नसतो. पण मग मैफल मध्यावर आल्यावर बेस नॉब फिरवायचा नाही. तुमच्या अ‍ॅम्पवर कमी वाटणारा खालचा भाग मंडपातल्या सबवूफरवर भरपूर असतो, आणि तो स्टेजवर ऐकूच येत नाही. साउंडवाल्याला बेसच्या चॅनेलवर हाय-पास (ठरावीक सुराखालचं कापणारा फिल्टर) लावायला सांगा : चार तारांच्या बेसला ४० हर्ट्झ, पाच तारांच्याला ३०. उघडी ई तार ४१ हर्ट्झची, बी तार साधारण ३१ची. त्याखाली सबवूफरमध्ये जातो तो फक्त तळहाताचा धक्का.

फॅन्टम पॉवर, म्हणजे मिक्सर माइकच्या केबलमधून देतो ती वीज : मिक्सरवर ४८ व्होल्ट चालू असेल आणि प्रीअ‍ॅम्पच्या डीआयला ट्रान्सफॉर्मर असेल तर चिंता नको. ट्रान्सफॉर्मर नसेल आणि मॅन्युअलमध्ये स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्या चॅनेलचं फॅन्टम बंद करायला सांगा. सगळ्या चॅनेलना एकच स्विच असेल तर मध्ये पॅसिव्ह डीआय बॉक्स घाला.

आता वीज, कारण मंडपात खरा त्रास तिथेच होतो. ट्यूबच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट (दोन अर्धे सलग जोडले तर वर सांगितलेले १२.६) लागतात आणि साधारण दहा टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे सॉकेटवर २०७ ते २५३ व्होल्ट. जनरेटरवर लाइटिंग एकदम चालू झाली की व्होल्टेज याखाली घसरतं. आवाज मऊ आणि मेलेला वाटतो, आणि बेसवाला बिचारा पिकअपला दोष देत बसतो. कार्यक्रमाआधी मल्टिमीटरने सॉकेट तपासा आणि लाइटिंगपासून वेगळी लाइन मागा. रिले असलेला स्टेबिलायझर लावला तर रिले बदलताना स्पीकरमध्ये ‘टक्’ येऊ शकतं, त्यामुळे तो आधी घरी लावून पाहा.

हम (सततची घूं) आला तर ग्राउंड लिफ्ट दाबा. तो स्विच फक्त एक्सएलआरच्या १ नंबरच्या पिनचं कनेक्शन सोडतो. मेन प्लगची अर्थिंगची पिन काढायची नाही, तिच्यावर टेपही लावायची नाही. पावसाळ्यात ओल्या स्टेजवर गायकाच्या माइकला ओठ आणि तुमच्या तारांना हात लागला की काय होऊ शकतं, ते कुणीही साउंडवाला सांगेल.

प्रीअ‍ॅम्प सबवूफरवर किंवा कॅबिनेटवर ठेवू नका, हादऱ्याने ट्यूब वाजायला लागते. वाजवण्याआधी एखादं मिनिट गरम होऊ द्या आणि कार्यक्रम संपल्यावर लगेच केसमध्ये कोंबू नका.

प्रश्न (पणजी) : माझ्या प्रीअ‍ॅम्पवर बेस, मिडल, ट्रेबल असे तीन नॉब आहेत. तिन्ही मध्यावर ठेवले तरी आवाज पोकळ येतो. दुरुस्तीला द्यावा का?

उत्तर : देऊ नका, तो बिघाड नाही. तुमच्याकडे फेंडर पद्धतीचा टोन स्टॅक (तिन्ही नॉबचं एकत्र सर्किट) दिसतो. अलेम्बिकचा प्रसिद्ध एफ-२बी प्रीअ‍ॅम्प फेंडर ड्युअल शोमनच्या प्रीअ‍ॅम्पवर बेतलेला आहे, आणि त्याच घराण्यातले बरेच आहेत. हे पॅसिव्ह सर्किट फक्त कापतं, वाढवत काही नाही. तिन्ही नॉब मध्यावर असले की मधल्या पट्ट्यात, साधारण ४००-५०० हर्ट्झच्या आसपास, मोठा खड्डा पडतो. बेस २, मिडल १०, ट्रेबल २ असं लावून बघा. जवळजवळ सपाट आवाज मिळेल. लेव्हल पडेल, ती व्हॉल्यूमने भरून काढा. तिथून बेस हळूहळू वर घ्या. तिन्ही शून्यावर नेले तर आवाज जवळपास बंदच होतो. त्यालाही घाबरू नका.

प्रश्न (कोल्हापूर) : घरात गिटारचा ट्यूब प्रीअ‍ॅम्प आहे. पाच तारांच्या बेसला चालेल का?

उत्तर : बिघडणार काही नाही, पण आवाज पातळ येईल. गिटारच्या सर्किटमध्ये खालचा भाग मुद्दाम छाटलेला असतो. उदाहरणार्थ मार्शल पद्धतीच्या पहिल्या स्टेजमध्ये कॅथोडला २.७ किलोओहमवर फक्त ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. त्यामुळे साधारण २३० हर्ट्झच्या खाली वाढ घसरत जाते. तिथे फेंडरसारखे दीड किलोओहम आणि २५ मायक्रोफॅरड घातले तर हा उतार ८ हर्ट्झच्या आसपास सरकतो. मग दोन स्टेज जोडणारा कपलिंग कपॅसिटर बघा. ०.०२२ मायक्रोफॅरडच्या पुढे २५० किलोओहमचा पॉट असेल तर उताराची सुरुवात २९ हर्ट्झजवळ होते, म्हणजे तुमच्या बी तारेच्या अगदी काठावर. तिथे ०.०४७ किंवा ०.१ चांगला, ४०० व्होल्टचा तरी घ्या. हे काम जाणकाराकडूनच करून घ्या. बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतकं व्होल्टेज राहू शकतं.

प्रश्न (ठाणे) : घरी रेकॉर्डिंग करतो. ट्यूब प्रीअ‍ॅम्पमधून घेतलेला बेस एकटा छान वाटतो, पण साध्या डीआयच्या ट्रॅकबरोबर लावला की दोन्ही मिळून बारीक होतात. का?

उत्तर : दोन ट्रॅक घेता आहात हे उत्तमच. घडलंय असं की दोन्ही एकमेकांना खातायत. ट्यूबचा प्रत्येक साधा स्टेज सिग्नल उलटा करतो. स्टेजची संख्या विषम असली की प्रीअ‍ॅम्पमधून येणारी लाट डीआयच्या अगदी विरुद्ध असते. एका ट्रॅकवर पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटवा. खालचा भाग एकदम भरला तर रोग सापडला.

नाही भरला तर वेळेचा फरक बघा. कॅबिनेटसमोर १ मीटरवर माइक ठेवला असेल तर आवाज साधारण २.९ मिलिसेकंद उशिरा पोचतो, म्हणजे ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटला १४० सॅम्पल. तेवढ्या फरकाने १७० हर्ट्झच्या आसपासचा भाग कापला जातो, आणि बेसचा गाभा तिथेच असतो. झूम करून एका सुराची सुरुवात बघा आणि माइकचा ट्रॅक तितके सॅम्पल मागे ओढा. कॅबिनेट सिम्युलेशनच्या प्लगइनमुळेही असाच उशीर होऊ शकतो.

जोडणी : बेसचा सिग्नल आधी डीआय बॉक्समध्ये. त्याचा एक्सएलआर इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला जोडायच्या रेकॉर्डिंग बॉक्सच्या) माइक इनपुटला, थ्रू जॅक प्रीअ‍ॅम्पला. प्रीअ‍ॅम्पचं आउटपुट इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्या, इन्स्ट्रुमेंट इनपुटला नको. तिथे लेव्हल मोठी पडते, इंटरफेसच घाण क्लिप करतो आणि तुम्हाला ती ट्यूबची ऊब वाटते. २४ बिटला शिखरं उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा.

ट्यूबला जास्त ढकलली असेल तर त्या ट्रॅकवर कॅबिनेटचा आयआर (स्पीकरच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) किंवा ५ किलोहर्ट्झला लो-पास (त्यावरचं कापणारा फिल्टर) लावा. स्पीकर जो वरचा किरकिराट गिळतो, तो थेट लाइनमध्ये सगळा ऐकू येतो. स्वच्छ आवाजाला याची गरज नाही. मोटाउनच्या स्टुडिओत जेम्स जेमरसनचा बेस मुख्यत्वे थेटच रेकॉर्ड होत असे. त्याच्या नावाशी जोडलेला अ‍ॅम्पेग बी-१५ हा जास्त करून कार्यक्रमांतला अ‍ॅम्प.

डीआयचा ट्रॅक कधीही पुसू नका. मिक्सिंगला आवाज पटला नाही तर रीअ‍ॅम्प बॉक्समधून (लाइनचा सिग्नल पुन्हा गिटारच्या लेव्हलला आणणाऱ्या) तोच ट्रॅक पुन्हा प्रीअ‍ॅम्पमध्ये सोडता येतो. इंटरफेसचं आउटपुट मात्र बॉक्सशिवाय सरळ जोडू नका.

प्रश्न (डोंबिवली) : न्यू जर्सीहून भाऊ १२० व्होल्टचा ट्यूब प्रीअ‍ॅम्प आणतो आहे. इथे कसा चालवू?

उत्तर : थेट सॉकेटला लावलात तर फ्यूज उडेल, आणि नशीब खराब असेल तर ट्रान्सफॉर्मरही जाईल. आधी मागची पाटी वाचा. आतल्या ट्रान्सफॉर्मरला १२० आणि २४० असे टॅप असतील तर तंत्रज्ञ जोडणी बदलून देईल. तेव्हा फ्यूजही निम्म्या अ‍ॅम्पिअरचा घालायचा, हे बरेचजण विसरतात. टॅप नसतील तर २२० ते ११० चा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. आपल्या २३० व्होल्टवर तो ११५ देतो, ते ठीक आहे. दोन-तीन ट्यूबच्या प्रीअ‍ॅम्पला १०० व्हीए पुरे. हेअर ड्रायरसाठी मिळणारा हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर नको, त्याची लाट कापलेली असते. पाटीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. तासाभराने हात लावून पाहा. आणि अर्थिंग स्टेप-डाउनमधून पुढे जातं का, ते मल्टिमीटरने तपासा.

प्रश्न (सांगली) : प्रीअ‍ॅम्पमधून सतत हम येतो आणि केसला टिचकी मारली की घंटेसारखा आवाज. ट्यूब बदलू का? १२एएक्स७ च्या जागी १२एयू७ चालेल असं कुणी सांगितलं.

उत्तर : हे दोन वेगळे आजार आहेत. घंटा म्हणजे ट्यूब मायक्रोफोनिक झाली आहे, हादऱ्याचाच आवाज पकडते आहे. चालू असताना पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेक ट्यूब हलकेच ठोका. जी स्पीकरमधून जोरात वाजेल ती गुन्हेगार. बहुतेक वेळा इनपुटजवळची पहिली असते, कारण तिच्यामागची सगळी वाढ तिच्या आवाजाला मिळते. दोन ट्यूब असतील तर जागा बदलून पाहा, पुढच्या जागी तीच ट्यूब निमूट चालते.

हमचा सूर ऐका. ५० हर्ट्झचा हम बेसच्या खालच्या जी सुराच्या जवळ, किंचित वर असतो. तो ग्राउंड लूपचा, फिलामेंटच्या तारेचा किंवा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचा. बेसची केबल काढल्यावर गेला तर दोष प्रीअ‍ॅम्पबाहेर आहे. त्याच्या एक सप्तक वरचा, १०० हर्ट्झचा, रेक्टिफायरनंतरच्या पुरवठ्यातून येतो. जुन्या प्रीअ‍ॅम्पमध्ये तो हळूहळू वाढत गेला असेल तर फिल्टर कपॅसिटर सुकले आहेत. तिथे ट्यूब बदलून उपयोग नाही.

१२एयू७ च्या पिना आणि फिलामेंट सारखेच, म्हणून ती बसते. पण १२एएक्स७ चा वाढीचा गुणक १००, हिचा २०च्या आसपास. शिवाय सर्किटचं बायस (ट्यूब कुठल्या व्होल्टेजवर बसते ते) १२एएक्स७ साठी बेतलेलं असतं. गेन थोडाच कमी करायचा असेल तर ५७५१ लावा, तिचा गुणक ७०. १२एटी७ चा ६०, पण तिचा स्वभाव वेगळा. ट्यूब काढताना प्लग काढलेला असावा, ट्यूब थंड झालेली असावी आणि ती सरळ वर ओढावी. डोलवली तर पिना वाकतात.