ओळख तिची आहे, तिलाच लिहू द्या

प्रश्न : मुलगी कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सॉफ्टवेअर डेव्हलपर म्हणून स्वतःची ओळख करून देऊन आपल्या कामाबद्दल लिहायचं म्हणते. तिचा मजकूर फारच साधा वाटला, म्हणून मी सुधारून दिला. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. दोन्ही मजकूर पाठवतोय. कोणता ठेवावा? की हे सोडून तिने पुढच्या पदवीची प्रवेश परीक्षा द्यावी? — एक वडील

उत्तर : तिचाच ठेवा. पण मला घोर लागला तो तुमच्या पत्रातल्या एका वाक्याने. मुलगी बोलत नाही, हे तुम्ही ओझरतं सांगितलंत आणि लगेच मजकुराकडे वळलात. बाविशीच्या मुलीने ‘मी कोण’ हे पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि तुम्ही ते खोडून दुसरंच लिहिलंत. तिला वाईट वाटणारच. आधी तिच्याशी बोला.

तुमच्या मजकुरात ‘बारा तंत्रज्ञानांत निपुण’ असं आहे. नावं जितकी जास्त तितकं वजन, हा समज काढून टाका. मुलाखत घेणारा त्यातलं कुठलंही एक नाव उचलतो आणि खोलात शिरतो. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, की उरलेल्या अकरा नावांवरचाही विश्वास उडतो. तिने मात्र एकच गोष्ट लिहिली आहे : जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत १० तारीख दिली, तर काही देशांतल्या लोकांना ९ दिसत होती. नुसती तारीख दिली की ती यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, मध्यरात्रीची धरली जाते आणि ज्यांचं घड्याळ यूटीसीच्या मागे, त्यांच्याकडे तेव्हा आदलाच दिवस चालू असतो. ही चूक तिने कशी शोधली, हे वाचताना मुलगी विचार कसा करते ते कळतं. काम देणाऱ्याला तेच हवं असतं.

आधी मोठं व्हावं, मग लिहावं, असंही तुम्ही म्हणता. २५ ऑगस्ट १९९१ला लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जाहीर केलं, की आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, ती काही फार मोठी होणार नाही. आपल्याकडे जी हार्ड डिस्क आहे, तिच्यापलीकडे दुसऱ्या प्रकारच्या डिस्कवर ती बहुधा चालणार नाही, हेही त्याने लिहून टाकलं. तीच पुढे जगभर वापरली जाणारी लिनक्स झाली. प्रत्येकाचं असं होत नाही, पण उणिवा सांगितल्या म्हणून त्याचं काही अडलं नाही.

प्रवेश परीक्षा नोकरी लागल्यावरही देता येते, आणि द्यायची की नाही ते तिला ठरवू द्या.

तिच्या मजकुरातलं एकच वाक्य मी काढायला सांगेन : ‘मला अजून फारसं काही येत नाही, माफ करा.’ हे तिच्या मनात कुठून आलं असेल, याचा तुम्ही शांतपणे विचार करा. त्या जागी आपला कोड कुठे पाहता येईल, ते तिने लिहावं.