अँजिओप्लास्टी झालेल्या 68 वर्षांच्या वडिलांसाठी परदेशप्रवासाचा मेडिकल विमा कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आईवडील गणपती आटोपले की गुहागरहून निघून न्यू जर्सीला बहिणीकडे चार महिने राहणार, परतताना दहा दिवस जर्मनी. वडिलांना बीपी आणि शुगर, पाच वर्षांपूर्वी स्टेंट बसवलेला. एजंटाने सगळ्यात स्वस्त पॉलिसी सुचवली आहे, ती घ्यावी का?

हप्ता किती हे शेवटी बघा. आधी पॉलिसीच्या शब्दरचनेची पूर्ण प्रत मागवा (माहितीपत्रक नव्हे) आणि त्यात दोन गोष्टी शोधा.

पहिली, आधीपासूनच्या आजारांचं कलम. बऱ्याच पॉलिसींत हे आजार सरळ वगळलेले असतात. काहींत फक्त जिवावर बेतलेल्या प्रसंगी खर्च मिळतो, तोही ठरावीक रकमेपर्यंतच. तुमच्या वडिलांना खरा धोका हृदयाचा आहे, त्यामुळे हे आजार जिथे धरलेले नाहीत ती पॉलिसी कितीही स्वस्त असली तरी त्यांच्या उपयोगाची नाही. आईंना काही आजार नसेल तर त्यांची पॉलिसी वेगळी, साधी घेतली तरी चालेल.

दुसरी, पोटमर्यादांचा, म्हणजे एकेका खर्चाला लावलेल्या कमाल रकमांचा तक्ता. साठीच्या पुढच्यांसाठी बऱ्याच कंपन्या तो लावतात आणि तिथेच माणसं फसतात. समजा पॉलिसी 1 लाख डॉलरची आहे, पण तक्त्यात आयसीयूचे दिवसाला 2,500 आणि शस्त्रक्रियेचे 10,000 डॉलर लिहिलेत. तीन दिवस आयसीयू आणि एक शस्त्रक्रिया झाली, तर या दोन बाबींचे मिळून 17,500 डॉलरच मिळतील. वरचं सगळं बिल बहिणीच्या गळ्यात. म्हणून पोटमर्यादा असलेल्या 5 लाखांपेक्षा पोटमर्यादा नसलेली अडीच लाखांची पॉलिसी मी कधीही बरी म्हणेन. अमेरिकेसाठी त्याखाली जाऊ नका. डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण भरायची रक्कम, 100 डॉलर असेल तर चालेल.

अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला विमा सक्तीचा नाही, शेंगेन व्हिसाला (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) आहे: किमान 30,000 युरो, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, रुग्णाला किंवा पार्थिवाला मायदेशी आणण्याच्या खर्चासह. तुम्हाला ‘अमेरिका-कॅनडासह जगभर’ हाच प्रकार लागेल. दूतावासासाठीच्या पत्रात जर्मनीच्या तारखा येतात ना, ते पाहून घ्या.

आता फॉर्म. तो एजंटाला भरू देऊ नका, किंवा भरला तर ओळ न ओळ वाचा. घाईत आजारांच्या रकान्यात ‘नाही’वर टिक होते, हप्ता कमी दिसतो आणि पुढे क्लेम नाकारायला तेवढंच पुरतं. बीपी कधीपासून, शुगर कधीपासून, अँजिओप्लास्टीचा महिना आणि वर्ष, चालू गोळ्या आणि त्यांचे डोस, सगळं लिहा. पॉलिसी हातात आली की आजारांचा रकाना परत बघा. तिथे ‘निल’ छापलं असेल तर निघण्याआधीच कंपनीला ईमेल करून दुरुस्तीचा कागद घ्या.

तारखांत चूक हमखास होते. मुंबईचं विमान 15 तारखेला पहाटे दीडला असेल, तर इमिग्रेशन 14 च्या रात्रीच होतं. पॉलिसी 14 पासून घ्या. शेवटी चार-पाच दिवस जास्तीचे धरा. मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी मागावी लागते, आणि मध्ये आजारपण झालं असेल तर कंपनी नकार देऊ शकते. सप्टेंबरात पाऊस असतोच. परशुराम घाटात दरड आली किंवा कोकण रेल्वे रखडली म्हणून विमान चुकलं, तर ‘चुकलेलं कनेक्शन’ या कलमात ते सहसा बसत नाही. आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

औषधं पूर्ण मुदतीची सोबत न्या, कारण रोजच्या गोळ्या आणि नेहमीच्या तपासण्या विम्यात येत नाहीत. डॉक्टरांकडून औषधांची मूळ रासायनिक नावं टाइप केलेलं पत्र घ्या, ब्रँडची नावं तिकडे कोणी ओळखणार नाही.

छातीत दुखलं तर आधी 911 (अमेरिकेतला आपत्कालीन फोन नंबर), विमा कंपनी नंतर. अमेरिकेत 1986 च्या कायद्यानुसार मेडिकेअर (तिथला सरकारी आरोग्य विमा) घेणाऱ्या रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागाला पैसे न विचारता तपासून रुग्ण स्थिर करावाच लागतो. मग बहिणीने 24 तासांच्या आत पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर कळवावं आणि संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा. बिलं एका ठिकाणाहून येत नाहीत: रुग्णालयाचं वेगळं, डॉक्टरांचं वेगळं, रुग्णवाहिकेचं वेगळं, काही तर आईवडील गुहागरला पोचल्यावर बहिणीच्या पत्त्यावर. बाबवार बिल, डिस्चार्जचा कागद आणि पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या प्रती जपा. क्लेम अन्यायाने अडला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी द्या, तिथे भागलं नाही तर आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर, आणि त्यापुढे विमा लोकपालाकडे. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.