आधी ती शपथ सोडवा

पत्र

ताई, अशोक चौकाच्या मागे माझे टॉवेलचे आठ माग आहेत. मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, गेलो होतो. होम मैदानावर बांगड्या भरताना तिच्या आईने तिची बाही वर सरकवली, तर हातावर जुन्या-नव्या खुणा दिसल्या. तिने स्वतःच केलेल्या. घरात कशाची कमी नाही, भांडण नाही, मारहाण नाही. आम्ही तिला रागावलोसुद्धा नाही. तिथूनच सिद्धेश्वराच्या देवळात नेऊन, पुन्हा असे करणार नाही अशी आईच्या गळ्याची शपथ घ्यायला लावली. त्यामुळे तो विषय मिटला आहे.

माझी काळजी वेगळी आहे. तेव्हापासून ती घरात परक्यासारखी वागते. आईजवळ बसत नाही. दोघी एका ताटात जेवायच्या, तेही बंद केले. मार्चमध्ये आईला टायफॉईड झाला, चार दिवस ॲडमिट होती, पण ही दवाखान्यात एकदाही फिरकली नाही. आईबद्दल पोर इतकी दगड कशी होते? कपडे मात्र आता पूर्ण बाह्यांचे, अंगभर घालते, तेवढेच समाधान. एक मैत्रीण आहे, तिची संगत नको म्हणून मोबाईल काढून घेतला. मेहुणे म्हणतात लातूरला क्लासला ठेवा, जागा बदलली की मन रमेल. डॉक्टरकडे नेले तर पोलीस केस होईल का? पुढे लग्नाच्या वेळी कोणी हे काढले तर? बायको दिवसभर रडते. मुलीला वळणावर कसे आणू?

– एक वडील, सोलापूर

उत्तर

भाऊ, तुमचं मूळ पत्र तीन पानी आहे, इथे छापताना बरंच कापलं. मैत्रीण, मोबाईल, लातूर, मेहुणे आणि लोक काय म्हणतील यावर अडीच पानं आहेत. शपथेवर दोन ओळी, त्याही विषय मिटला हे सांगण्यासाठी. मला त्या दोन ओळींबद्दलच बोलायचं आहे.

मुलीच्या हातावरच्या खुणा दिसल्यावर तासाभराच्या आत तुम्ही तिला देवापुढे उभं केलंत आणि तिच्या हाताची गाठ आईच्या जिवाशी बांधून टाकलीत. आता तिने हाताला काही केलं तर आई जाणार. तुमच्या मनात असं काही नव्हतं, कबूल. शपथ घालणाऱ्याला ती ताकीदच वाटते. पण जो घेतो त्याचं काय होतं, ते तुम्हाला-मला माहीत नाही का? शाळेत कोणी आईची शपथ घातली आणि आपल्याकडून मोडली, तर घरी जाऊन आई चुलीपुढे दिसेपर्यंत पोटात गोळा असायचा. आणि ते कशावरून, तर कुणाची पेन्सिल घेतली म्हणून.

आता तुम्ही ज्याला दगडपणा म्हणता, तो पुन्हा एकदा बघा.

मी तुमच्या मुलीला ओळखत नाही, पण माझा अंदाज सांगते. गड्डा आणि मार्च यांच्या मधे केव्हातरी तिची शपथ मोडली. पूर्ण बाह्यांनी तुम्हाला समाधान वाटलं, मला वाटलं नाही. सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात सोळा वर्षांची पोर मनगटापर्यंत झाकून फिरते, आणि तुम्हाला त्यात वळण दिसतं? तिच्याकडून पुन्हा झालं, तिने ते कोणालाच सांगितलं नाही, आणि मग आईला ताप भरला. टायफॉईड दूषित पाण्यातून, अन्नातून होतो हे सायन्सच्या मुलीला पाठ असतं. पण शपथ तिच्या वडिलांनीच घातलेली आहे, देवळात, गंभीर चेहऱ्याने. तेव्हा आईच्या हाताला सलाईन लागली ती आपल्यामुळे, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं असणार. कुठल्या तोंडाने येईल ती दवाखान्यात? आईजवळ बसत नाही, तिच्या ताटात जेवत नाही, कारण आपली बाधा आईला होऊ नये. अशा मुलीला तुम्ही दगड म्हणालात.

माझा अंदाज चुकला असेल तरी चालेल. शपथ सोडवल्याने तुमचं काही जाणार नाही.

स्वतःला इजा करण्याचा प्रकार शपथेने का थांबत नाही, तेही ऐका. तुमच्या घरात काय कमी आहे म्हणून तिने हे केलं, असा शोध तुम्ही घेताय. असं करणारी बहुतेक मुलं सांगतात की आत काहीतरी इतकं दाटून येतं, राग, लाज, भीती किंवा नुसती बधिर पोकळी, की ते सोसवत नाही. इजेने ते काही वेळ शांत होतं. मग लाज वाटते, लपवालपवी सुरू होते, आणि त्या लाजेने आत पुन्हा दाटतं. हे थांबवायचं तर दाटून आल्यावर दुसरं काय करायचं हे शिकावं लागतं, आणि त्या घडीला सांगायला कोणीतरी लागतं. शपथेने तिला दुसरं काही शिकवलं नाही. सांगायची वाट मात्र बंद केली, कारण ‘आज पुन्हा झालं’ हे आता ती आईला सांगूच शकत नाही. जाणकार डॉक्टरही एके काळी पेशंटकडून ‘मी स्वतःला इजा करणार नाही’ असं सही करून घेत. त्याने इजा टळते असा भरवशाचा पुरावा मिळाला नाही, आणि आता तो मार्ग वापरू नका असंच सांगितलं जातं. कागदावरच्या सहीने जे जमलं नाही ते आईच्या गळ्याने कसं जमेल?

तुमच्या धंद्यातलं सांगते. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो, म्हणून तुम्हाला कळतं. ती सोय काढून टाकली तर माग चालूच राहील, आवाजही तोच येईल, आणि टॉवेल भलताच निघेल. घरात तुम्ही तेच करून बसलात.

तेव्हा आज रात्री माग बंद झाले की एकच काम करा. ती शपथ सोडवा. आणि ती आईंनी सोडवायची, कारण गळा त्यांचा आहे. तुम्ही बाजूला बसा. आईंनी मुलीला एवढंच म्हणावं: ‘गड्ड्याच्या वेळी आम्ही घाबरलो आणि तुला शपथ घातली. ती घालायला नको होती. शपथ सुटली. तुझ्याकडून मधे पुन्हा झालं असेल तर त्याने मला काही झालेलं नाही, होणारही नाही. मला टायफॉईड झाला होता, तो गोळ्यांनी गेला. पुन्हा वाटलं, किंवा पुन्हा झालं, तर आधी मला उठव. रात्री तीन वाजता असलं तरी उठव.’

बास. हात दाखव म्हणू नका. का करतेस, हेही आज विचारू नका, तिला स्वतःलाच ते धड माहीत नसण्याची शक्यता जास्त. ती गप्प राहिली तर राहू द्या. ‘हो, झालं होतं’ म्हणाली तर ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा आणि जखम ताजी असेल तर कुठल्याही जखमेसारखी स्वच्छ करून पट्टी बांधा. ‘बघ, शपथ घेऊनसुद्धा केलंसच ना’ हे वाक्य ओठावर येईल. तुमच्या ओठावर येईल, भाऊ, आईंच्या नाही. ते गिळा.

देवळात घातलेली शपथ देवळातच सुटते असं आईंना वाटत असेल तर जरूर जा. किल्ल्याच्या बाजूने तळ्यावरून दोघी चालत जाऊन येतील, बोलतील न बोलतील. पण घरात आजच सोडवा, सोमवारची वाट बघू नका.

आईंबद्दल एक. दिवसभर रडतात, असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे मी त्यांना धीर द्यावा अशी तुमची अपेक्षा असणार. नाही देणार. माझ्यामुळे आई मरेल या भीतीत जी पोर तीन महिने आहे, तिच्यासमोर आई रोज झुरताना दिसते. यापेक्षा वाईट काय असू शकतं? रडू आलं तर बहिणीकडे जाऊन रडा, फोनवर रडा. मुलीसमोर भाकरी थापा, तिला शेंगाचटणी वाढा, कालच्यासारखं बोला. एका ताटात जेवायचं ती पुन्हा सुरू करेल किंवा करणार नाही, तो हट्ट धरू नका.

शपथ सुटल्यानंतर, त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, एक प्रश्न सरळ विचारायचा आहे: ‘कधी मरून जावंसं वाटतं का?’ असं विचारल्याने तिच्या डोक्यात ते येईल, ही भीती खोटी आहे, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. स्वतःला इजा करणाऱ्या सगळ्यांना मरायचं असतं असं मुळीच नाही. पण पुढे जिवाचा धोका अशा मुलांना इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून विचारायचंच. उत्तर ‘हो’ आलं, किंवा ‘माहीत नाही’ म्हणून ती खाली बघायला लागली, तर तिला एकटं ठेवू नका आणि रात्र असली तरी सिव्हिलला न्या, अपघात विभाग चोवीस तास उघडा असतो. घरातली सगळी औषधं आणि धारेच्या वस्तू गाजावाजा न करता आजच कुलपात टाका, उत्तर काहीही आलं तरी. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो नंबर मुलीला द्या आणि आधी तुम्ही स्वतः लावून बघा. मोबाईल तिला परत दिल्याशिवाय तिला तो लावता येणार नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. त्या मैत्रिणीला तुम्ही संगत म्हणता. या तीन महिन्यांत तुमची मुलगी जिच्याशी बोलू शकत होती अशी ती एकटीच असेल. तोडलीत तीही.

मरायचं वगैरे काही नाही म्हणाली, तरी डॉक्टरकडे न्यायचंच. सिव्हिलला, म्हणजे आपल्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, मानसोपचार विभाग आहे. वैशंपायन मेडिकल कॉलेज त्यालाच जोडलेलं आहे. खासगी डॉक्टर परवडत असतील तर तिथे न्या. भावनांचा लोंढा आला की तो इजेशिवाय कसा निभवायचा, हे टप्प्याटप्प्याने शिकवणारी थेरपी असते. डीबीटी म्हणतात तिला, आणि किशोरवयीन मुलांत तिचा गुण येतो. डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलतील तेव्हा तुम्ही बाहेर बाकावर बसा. जिवाला धोका वाटला तर ते तुम्हाला सांगतीलच. बाकी काय बोलली ते घरी येताना उकरून काढू नका.

डॉक्टरकडे नेलं म्हणून मुलीवर पोलीस केस होत नाही. स्वतःच्या हाताला इजा करणं हा गुन्हा नाही. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूससुद्धा तीव्र ताणाखाली होता असंच मानायचं आणि त्याच्यावर खटला न भरता त्याची काळजी घ्यायची, असं 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. डॉक्टरांनी तिची माहिती गुप्त ठेवायची, हेही त्याच कायद्यात आहे. लग्नाच्या वेळी कोणी काढलं तर काय, याचं उत्तर मी देणार नाही. ती सोळा वर्षांची आहे आणि आत्ता जगली पाहिजे. एवढं मात्र सांगते की ही घटना काही तुमच्याच घरात घडलेली नाही. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या तर साधारण सहांतल्या एका किशोरवयीन मुलाने किंवा मुलीने कधी ना कधी स्वतःला इजा केलेली दिसते. तुमच्या गल्लीत किती घरं आहेत ते मोजा.

‘वळणावर कसे आणू’ असं विचारलंत. तिने काही वाकडं केलेलं नाही. तिला काहीतरी सोसत नाहीये आणि तिने ते तुमच्यापासून लपवलं, तेही तुम्हाला त्रास नको म्हणून. रोज हात तपासणं, बाथरूमची कडी काढणं, ‘आता बरी आहेस ना’ असं दर तासाला विचारणं, यातलं काही सुरू करू नका. डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलं तर ते सांगतील तसं आणि तेवढं ठेवा. मधेच पुन्हा होईलही. तेव्हा नवी शपथ घालायची ऊर्मी येईल, मारुतीची, आजीची, कोणाचीही. घालायची नाही.

लातूरचं राहिलं. ज्या मुलीने रात्री तीन वाजता आईला उठवावं असं आपण म्हणतोय, तिला दुसऱ्या जिल्ह्यात हॉस्टेलवर ठेवून कसं चालेल? मेहुण्यांना फोन करून सांगा की ते रद्द झालं. का, ते सांगायची गरज नाही.